पाच चुकीचे पासवर्ड

मी एका माणसाला वर्षभर, मला हवं तेव्हा, त्याच्या स्वतःच्या खात्याबाहेर उभं ठेवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला उभं ठेवलं त्याला तर नाहीच. माझी मितभाषी म्हणून ख्याती आहे. लोकांना वाटतं, स्वभाव आहे. निम्मा स्वभाव आहे, निम्मी सोय.

नावं कुणाचीच घेणार नाही. त्याचं घेतलं तर त्याची उगाच शोभा होईल, आणि माझं घेतलं तर काहीतरी शौर्य केल्यासारखं मलाच वाटायला लागेल.

आमची कंपनी लहानशी होती. सातारा रस्त्यावर, मार्केट यार्डाकडे वळायच्या अलीकडे, एका इमारतीचा दुसरा मजला. वारा यार्डाकडून आला की भर मीटिंगमध्ये कांद्याचा वास यायचा. आम्ही वेब ॲप बनवायचो. आडत्यांसाठी एक, दूध वितरकांसाठी एक, सोसायट्यांच्या मेंटेनन्ससाठी एक. ज्याला उभं ठेवलं तो नागपूरचा, माझ्याच वयाचा, चाळिशी उलटलेला, राहायला कात्रजला. आम्ही शेजारी बसायचो आणि डबा एकत्र खायचो. तो दोघांच्या वाटचं बोलायचा, मी दोघांच्या वाटचं ऐकायचो. बरं चाललं होतं.

प्रत्येक ॲपला एक दार लागतं. नाव टाका, पासवर्ड टाका, आत या. आमच्या तिन्ही ॲपची दारं तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन तऱ्हांनी केलेली होती, आणि तिन्ही कुरकुरायची. मी ठरवलं, दार एकदाच नीट बनवायचं आणि सगळीकडे तेच बसवायचं. आमच्या भाषेत त्याला कॉम्पोनंट म्हणतात. चकलीचा सोऱ्या एकच असतो, पीठ कुठलं का असेना, तसं. दिसायला ते काहीच नसतं. दोन चौकोन आणि एक बटण. पण पासवर्ड दिसावा म्हणून डोळ्याचं चिन्ह कुठे, विसरलेल्याने जायचं कुठे, मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड केव्हा उघडायचा, असल्या बारीकसारीक गोष्टींत माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

त्यातली एक गोष्ट मला फार प्रिय होती. यार्डात एका गाळ्यावर मी सकाळपासून नुसता उभा राहून बघत होतो, तेव्हा ती लक्षात आली. लोकांच्या फोनला मराठी कीबोर्ड चालू असायचा. ते १२३४ देवनागरीत टाकायचे, मशीनला ते इंग्रजीत हवे असायचे, आणि पासवर्ड बरोबर असून दार उघडायचं नाही. माणसं स्वतःला शिव्या घालायची. मी दाराला शिकवलं की आकडे कुठल्याही लिपीत आले तरी एकच समज. दोन ओळींचं काम. पण ते सुचायला मला त्या गाळ्यावर उभं राहावं लागलं होतं.

बटणावर मी 'आत या' असं लिहिलं. तो पोळीचा घास तोंडात ठेवूनच हसला.

"पुण्याचा माणूस न 'आत या'? तुमच्यात तर जाळीच्या दारातूनच बोलून परत पाठवते बे लोकाले."

"म्हणूनच लिहिलंय," मी म्हणालो. "निदान मशीन तरी म्हणेल."

त्याला ते इतकं आवडलं की त्याने ऑफिसभर सांगितलं. माझा विनोद म्हणून सांगितला, हेही नोंदवून ठेवतो. तेव्हा तो माझं मला देत असे.

मग एक नियम ठरला. पासवर्ड पाच वेळा चुकला की ते खातं अर्धा तास बंद. चोरांपासून राखण म्हणून. दार सगळीकडे एकच, त्यामुळे एका ॲपमध्ये बंद झालं की तिन्हींत बंद. प्रश्न उरला संदेशाचा. तपासणीचं काम करणारी एक तरुण मुलगी आमच्याकडे होती. तिने विचारलं, "सर, लॉक झाल्यावर टेक्स्ट काय दाखवायचं?"

तो म्हणाला, "लिही, 'या खात्यावर पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला गेला. तुम्ही नसाल तर कळवा.' यार्डात एका खात्यावर मालक, मुनीम, मालकाचा जावई, सगळेच हात मारतात."

त्याचं बरोबर होतं. पण माझं लक्ष भलतीकडे गेलं.

"'टाकला गेला' हे काय मराठी झालं?" मी म्हणालो. "कुणी टाकला?"

"कोणी का टाकेना बे."

"असं नसतं. इंग्रजीतून उचललेलं वाटतं ते. मराठीत कर्ता लपवू नये."

मी स्वतः वाक्य लिहून दिलं: 'आपण सलग पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला आहे. अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा.'

"आपण म्हणजे कोण?" तो म्हणाला. "तू का मी?"

"आपण म्हणजे समोरचा. आदरार्थी."

"आमच्याकडे आपण म्हणजे तू न मी, दोघं. चाल, जेवू आपण."

ती मुलगी हसायला लागली. मी हसलो नाही. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे, तुझं दार, तुझी भाषा." वाक्य माझं राहिलं. कर्ता लपवू नये, हे मी म्हणालो होतो. मी. पुढे वर्षभर या वाक्याची मला रोज लाज वाटायला हवी होती. एकदाही वाटली नाही.

आता त्याने काय केलं ते सांगतो. ते सांगायला मला आजही कष्ट पडत नाहीत.

एक मोठं गिऱ्हाईक बघायला आलं होतं. मालक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, टेबलाच्या टोकाला. बोलायला तो, कारण बोलायला नेहमी तोच असे. मी कडेच्या खुर्चीत, लॅपटॉपची वायर निघू नये म्हणून ती धरून. त्याने दार उघडून दाखवलं. मग फोनचा कीबोर्ड मराठी केला, १२३४ देवनागरीत टाकले, आणि दार उघडलं. गिऱ्हाईक खूश.

"अरे वा! हे कुणाला सुचलं?"

मी वायर सोडली. म्हटलं, आता तो माझ्याकडे हात करणार.

"सुचावं लागते साहेब," तो म्हणाला. "दिवस काढले आपण यार्डात."

या वेळी 'आपण' म्हणजे तो एकटा, हे सगळ्यांना कळलं. मग त्याने माझ्याकडे हात केला खरा. "हा आमचा डबेवाला. मी सांगतो, हा डब्यात भरतो. एक डबा, घरोघर पोचता!"

सगळे हसले. सर सगळ्यांत जास्त हसले. महिन्याभरात त्याला केबिन मिळाली, आणि मला नाव मिळालं. चहावाल्यापर्यंत सगळे मला डबेवाला म्हणायला लागले. केबिनचे पेढे वाटताना तो माझ्या टेबलापाशी थांबला.

"बोलण्याच्या ओघात निघून गेलं बे त्या दिवशी. मनावर नको घेऊ."

"अभिनंदन," मी म्हणालो आणि पेढा खाल्ला.

ओघात निघून गेलेलं त्याने परत आणून मात्र दिलं नाही. सरांना जाऊन एक वाक्य सांगायला किती वेळ लागला असता? मी भांडलो नाही. मला भांडता येत नाही. माझ्या घरात कुणी भांडत नसे. राग आला की माणसं भाजीत मीठ कमी घालायची.

पहिल्यांदा केलं ते ठरवून नव्हतं. तो केबिनमधून बाहेर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ए डबेवाले, पाच मिनिटांत डेमो आहे, दार पुसून ठेव." मी माझ्या मशीनवर लॉगिनची खिडकी उघडली, त्याचा ऑफिसचा ईमेल टाकला आणि पासवर्डच्या चौकोनात पाच वेळा काहीतरी बडवलं. एवढंच. यात कुठलीही विद्या नव्हती. कुणाच्या कुलपात पाच वेळा चुकीची किल्ली घातली की कुलूप मालकालाच उघडत नाही, असं दार मीच बनवलेलं होतं. ते बनवताना ही खोट मला दिसली नव्हती. आता दिसली, आणि आवडली.

काचेपलीकडे तो टाइप करताना दिसला. मग थांबला. मग स्क्रीनच्या जवळ वाकला. माझं वाक्य त्याच्या तोंडावर उमटलेलं मला बाहेरून वाचता येत होतं.

खोटं कशाला बोलू, जेवणानंतरच्या पानासारखं वाटलं.

नंतर मी त्यात तरबेज झालो. रोज नाही करायचं, नाहीतर शंका येते. नेमक्या वेळी करायचं. गिऱ्हाईक जिना चढत असताना. सरांनी फोन करून 'जरा तो आकडा बघून सांग' म्हटल्यावर. सगळ्यांसमोर प्रोजेक्टर लावल्यावर. तो मला हाक मारायचा, "अरे, पाहा ना, पुन्हा बंद झालं बे हे." मी शांतपणे उठायचो, शांतपणे खातं उघडून द्यायचो, आणि शांतपणे म्हणायचो, "जरा बघून टाकत जा पासवर्ड." ऑफिसात याची मस्करी सुरू झाली. दाराच्या चौकोनाखाली 'पासवर्ड विसरलात?' अशी ओळ असते. तो दिसला की पोरं तीच ओळ म्हणायची. एकदा त्याच्या टेबलावर कुणीतरी बदामाची पुडी ठेवली. भिजवून खा, सोलून खा, असले सल्ले देत सगळे जमले. तोही हसला, दोन बदाम तिथेच तोंडात टाकले.

ती पुडी मी आणली होती.

मग एका दुपारी तो मला खाली चहाला घेऊन गेला. केबिन मिळाल्यापासून आम्ही एकत्र चहा प्यायलो नव्हतो. टपरीच्या मागच्या बाकावर बसलो. तो बराच वेळ काही बोलेना. त्याचं गप्प बसणं मला ओळखीचं नव्हतं.

"बाबांना आणलं आहे मी इकडे," तो म्हणाला. "नागपूरला एकटे राहूच शकत नाहीत आता. जेवतात, हात धुतात, न म्हणतात, मले जेवायला काहून नाही देत? मला ओळखत नाहीत. परवा म्हणाले, तुम्ही भले माणूस आहा, मला माझ्या घरी पोचवून द्या."

मी हं म्हणालो.

"मी एकदाच टाकतो बे पासवर्ड. एकदा. न मशीन म्हणते, आपण सलग पाच वेळा दिला. मग बाकीचे चार कोणी टाकले? मीच टाकले न मला आठवत नाही? बाबांसारखंच ना हे? जेवले न म्हणतात जेवलोच नाही."

मी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"कोणी दुसरं तर करून नाही राहिलं ना?" त्याने विचारलं. "तू पाहून सांग ना. तुला दिसत असेल ना, कुठून टाकला ते."

इतका हुशार माणूस, त्याला ते सुचलं होतं. खरं म्हणजे मला दिसत नव्हतं. किती वेळा चुकला याची नोंद दार ठेवायचं; कुठून चुकला याची नोंद ठेवायची सोय मी केलेलीच नव्हती. 'दिसत नाही' म्हणालो असतो तरी ते खरंच बोलल्यासारखं झालं असतं आणि मी सुटलो असतो. मी तेवढंही केलं नाही.

"बघितलंय मी," मी म्हणालो. "तुझ्याच मशीनवरून आहे."

"सगळे?"

"सगळे. दुसरं कोण कशाला करेल?"

त्याने मान हलवली. कप बाकावर ठेवला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "कोणाला सांगू नको बे."

मी कुणालाही सांगितलं नाही. त्याचा विश्वास योग्य माणसावर होता.

यानंतर मी थांबलो असं लिहिता आलं असतं तर बरं होतं. मी थांबलो नाही. त्याची कीव आली होती, पण कीव आली म्हणजे राग जातो हे मला तरी खरं वाटत नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात, सोसायटीत माणसं राहतात तशी, जिन्यात भेटली तरी न बोलता.

यार्डात आडत्यांसमोर नवीन ॲप दाखवायचं होतं. एका गाळ्याच्या माडीवर गाद्या घातल्या होत्या, मोठा टीव्ही लावला होता, पन्नासेक व्यापारी. तो बोलायला उभा राहिला. मी मागे, खांबाला टेकून, फोन हातात. त्याने ईमेल टाकला. पासवर्ड टाकला. टीव्हीवर, पन्नास लोकांपुढे, वीतभर अक्षरांत: आपण सलग पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला आहे.

"मी एकदाच..." तो म्हणाला आणि थांबला.

पुढच्या गादीवरचे एक आडते मांडी बदलत म्हणाले, "साहेब, तुमचं ॲप तुम्हालाच आत घेईना. आम्हाला काय घेणार?"

हशा झाला. तेवढाच मोठा, जेवढा माझ्यावर झाला होता. मी तो मनात मोजून घेतला. हिशेब पुरा झाला, असं मला त्या क्षणी वाटलं.

पण तो चिडला नाही, सावरून घेतलं नाही, नागपुरी विनोद केला नाही. टीव्हीकडे बघत तसाच उभा राहिला. मग त्याने शेजारी उभ्या असलेल्या त्या तपासणीच्या मुलीला हळूच विचारलं, "बेटा, मी किती वेळा टाकला? तू पाहत होती ना?"

ती म्हणाली, "सर, एकदाच." मग टीव्हीकडे बघून ती गोंधळली. "म्हणजे... मला वाटतं एकदाच." एकदा साक्षीदार गोंधळला की संपलं.

त्या आठवड्यात त्याने डॉक्टरला दाखवलं. मेंदूचे फोटो काढले, प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली. सगळं नॉर्मल. हे त्याने स्वतःच मला सांगितलं, आणि वर म्हणाला, "डॉक्टरांना काय, ते अर्धा तास पाहतात. मशीन तर रोज पाहून राहिलं आहे. मशीन कशाला खोटं बोलेल?"

तो राजीनामा देऊन आला होता. सरांना त्याने कारण सांगितलं, वडिलांचं करायला कुणी नाही. जाताना पेढे नव्हते. खोका उचलून मी त्याच्या गाडीपर्यंत गेलो होतो, हेही सांगून टाकतो.

केबिन मला मिळाली. ती खुर्ची जरा मागे कलायची, त्याच्या वजनाने. मी ती दुरुस्त करून घेतली. पहिले काही दिवस मी त्या काचेतून बाहेर बघत बसायचो आणि मला फार छान वाटायचं. लोकांना वाटतं सूड घेतल्यावर माणसाला पोकळ वाटतं. मला नाही वाटलं. पोट भरल्यासारखं वाटलं. डबेवाला म्हणणंही बंद झालं, कारण आता मी सर झालो होतो.

पुढे त्या मुलीनेच खोट शोधली. दाराची तपासणी करताना ती केबिनमध्ये आली. "सर, एक सीरियस गोष्ट आहे. कुणाचा ईमेल माहीत असला की कुणीही त्याचं अकाउंट लॉक करू शकतं. नुसतं चुकीचं टाकत राहायचं."

"हो, करता येईल खरं," मी म्हणालो.

ती दारात घुटमळली. "आधीच्या सरांचं तसं झालं असेल का?"

"दुसरं कोण कशाला करेल?" पुन्हा तेच वाक्य माझ्या तोंडातून निघालं, जराही न अडखळता. तिने माझ्याकडे एक क्षण जास्त बघितलं. मग तिने दार दुरुस्त केलं. आता प्रयत्न कुठून झाला तेही लिहिलं जातं, आणि एकाच्या चुकीने दुसऱ्याचं खातं बंद पडत नाही. संदेशही तिने बदलला. विचारलं नाही मला. काही महिन्यांनी ती बाणेरच्या एका कंपनीत गेली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवले, मला नमस्कार केला.

या वर्षी त्याचे वडील गेले. कळल्यावर काही दिवसांनी मी कात्रजला गेलो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. स्वारगेटपासून बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. दार त्याच्या बायकोने उघडलं. ती मला पहिल्यापासून भाऊजी म्हणते.

"या भाऊजी. बरं झालं आलात. यांच्याशी कुणी बोलायला येतच नाही हो आता."

तो आतून आला. बारीक झाला होता. मला बघून खरंच आनंदला. बायको पोहे करायला आत गेली, मी पाण्याच्या निमित्ताने मागे गेलो, तेव्हा तिने हळू आवाजात सांगितलं. तो गाडी चालवत नाही. रस्ता विसरेन म्हणतो. एकटा कात्रज सोडून जात नाही. खिशात घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवतो. नोकरीचं नाव काढू देत नाही.

"आणि तसं बघाल तर काहीही विसरत नाहीत हो," ती म्हणाली. "माझ्या माहेरच्यांचे वाढदिवससुद्धा त्यांना पाठ. डॉक्टर म्हणतात यांना काही झालेलं नाही. मग हे असे का? तुम्हीच समजवा ना. तुमचं ऐकतात ते."

मी बाहेर येऊन बसलो. शेजारचे एक गृहस्थ आले होते, वडिलांच्या आजारपणात मदत केलेले. तो त्यांना आमच्या जुन्या गोष्टी सांगायला लागला. माझ्या डब्यात कुठल्या वारी शेपू असायचा, ते त्याला आठवत होतं. 'आत या'चा विनोद त्याने शब्दन्‌शब्द सांगितला, आणि माझा म्हणून सांगितला. त्याची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली होती. मी वाक्याची सुरुवात तोंडात आणली होती. "ऐक, मला तुला एक..." इथपर्यंत बोललोही.

तेवढ्यात त्या गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून ते बनवलं होतं?"

"लॉगिन? हो ना," तो म्हणाला. "त्यात एक गंमत होती. मराठीत आकडे टाकले तरी चालायचं. ते मला सुचलं होतं, यार्डात." आणि मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर फुशारकी नव्हती. तो खरोखर विचारत होता. "मलाच सुचलं होतं ना बे ते? का मी चुकून राहिलो?"

इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो असा आला. हो म्हणालो असतो तर त्याला एक गोष्ट नक्की आठवते असं त्याला वाटलं असतं, आणि माझं श्रेय कायमचं गेलं असतं. माझ्या आतून काय उसळलं ते मला अजून तसंच आठवतं. त्या मीटिंगमधली वायर पुन्हा हातात आल्यासारखी वाटली.

"नाही," मी म्हणालो. "ते मला सुचलं होतं."

खरं बोललो. त्या घरात मी बोललेलं ते एकमेव खरं वाक्य.

त्याचा चेहरा हळूहळू उतरला. वाद घातला नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून बायकोला म्हणाला, "पाहा. हेही विसरलो."

ती पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. समजवायला सांगितलेला माणूस हे काय समजावून बसला, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. मी पोहे खाल्ले. ताटली धुवायला ठेवली. निघालो. तो जिन्यापर्यंत आला, खाली आला नाही.

त्याने माझं घेतलं होतं हे आजही खरं आहे, आणि ते मी माफ केलेलं नाही. त्या दिवशी ते मला परत मिळालं, आणि घरी आणून ते कुठे ठेवावं हे मला अजून कळलेलं नाही. पण तो प्रश्न माझा आहे, त्याचा नाही. हे असं निनावी लिहून काही फिटत नाही, तेही कळतं. तो हे वाचेल याची शक्यता नाही. वाचलं आणि ओळखलं तरी, हाही आपल्याला झालेला भासच असेल, असं म्हणायचा.

त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे. ते पासवर्ड मी टाकत होतो, आणि त्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. एवढं त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर, माझ्या तोंडाने सांगायचं देणं मी त्याचं लागतो. अजून सांगितलेलं नाही.